कापलेली हाक

थर्मासच्या कानाला गुंडाळलेली ती लाल चिंधी — तीच, तश्शीच, तिरक्या गाठीची, एक टोक लांब नि एक आखूड — फोनच्या पडद्यावर एवढीशी दिसत होती. वेनिंगनं बोट लावल्याबरोबर ती जराशी उजळली, मागं कुठंतरी बासरीसारखं काहीतरी हळू वाजू लागलं आणि खाली अक्षरं उमटली : 'इबूनं गुंडाळलेली. माझ्या हाताला चटका बसू नये म्हणून.'

वेनिंगनं इस्त्री उभी केली. खोटं. साफ खोटं. ही चिंधी आईनं नव्हे, मी गुंडाळली... थर्मासचा कान तडकला त्या वर्षी, माझ्या शाळेच्या जुन्या लाल स्कर्टची खालची पट्टी टरकावून, दातानं गाठ ओढून, कारण चहा ओतायचं काम माझं होतं आणि चटका बसायचा तो मलाच बसत होता. खरा थर्मास आत्ता तिच्या मागच्या फळीवर उभा होता, गाठीसकट. मागं वळून बघायचीही गरज नव्हती, पण तिनं बघितलं, आणि वर पुन्हा फोनकडे बघितलं, जणू दोघांची समोरासमोर साक्ष घ्यायची होती.

हा खेळ तिच्या धाकट्या भावानं, गालिहनं, केला होता. लांब बांडुंग शहरात तो आणि त्याचे चार मित्र मिळून खेळ बनवायचे... मारामारीचे नव्हेत, रडवायचे. "खेळणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं नाही तर आमचं चुकलं, म्बाक," असं तो एकदा म्हणाला होता, मोठ्या अभिमानानं. (म्बाक म्हणजे ताई, ही हाक मारताना त्याचा आवाज अजूनही लाडात यायचा, काही हवं असलं की जास्तच.) काल त्यानं खेळ तिच्या फोनवर पाठवला आणि खाली निरोप : 'इबूचा खरा आवाज घातलाय त्यात. उद्या खेळ बाहेर पडणार. ज्यांच्यातर्फे निघतोय त्यांना घरच्यांचा होकार हवाय, आणि मलाही. नको म्हणालीस तर आवाज काढून टाकतो. पण आधी खेळून बघ. उद्या संध्याकाळी मगरिबच्या बांगेपर्यंत सांग, प्लीज.' ज्यांच्यातर्फे निघतोय त्यांना, आणि मलाही. क्रम सुद्धा कसा अचूक लावला होता बघा.

सकाळपासून ती एक शर्ट इस्त्रीचा आणि एक खोली खेळातली, एक शर्ट आणि एक खोली, असं करत होती. क्लातेन गावच्या त्या गल्लीत, पुढच्या खोलीत तिची लाँड्री. किलोवर धुऊन, सुवास फवारून, इस्त्री करून प्लॅस्टिकच्या पिशवीत. आणि मागं घर. तेच घर आता तिच्या हातातल्या फोनमध्येही होतं : निळ्या फरशीचं स्वयंपाकघर, छताचा ओल आलेला कोपरा, हिरव्या गॅसच्या टाकीवर ठेवलेली उलटी परात... एकेक वस्तू त्यानं अशी काढली होती की अंगावर काटा यावा. त्या घरात एक मुलगा हिंडायचा. मोठा होऊन परत आलेला मुलगा. तो वस्तूंना हात लावायचा आणि प्रत्येक वस्तूतून एक आठवण निघायची, आणि आठवणीत त्यानं कधीतरी चूक केलेली असायची — फोन उचलला नाही, रागानं बोलला, निघताना मागं वळून बघितलं नाही — आणि मग वरच्या कोपऱ्यात एक बाण चमकायचा. बाण दाबला की वेळ मागं जायची. पुन्हा एकदा संधी. फोन उचल. मागं वळून बघ.

बाण! इबूची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा आठवड्यातून दोनदा तिला स्कूटरवर मागं बसवून, ओढणीनं स्वतःच्या कमरेला बांधून, रक्त धुवायला घेऊन जाताना माझ्याकडे कुठला बाण होता? शी काढली, मूत काढलं, उलटीचं टमरेल धरलं, चिडले तेव्हा चिडले आणि लगेच पाच मिनिटांत पुन्हा तिच्यासाठी भाताची पेज ढवळायला उभी राहिले... मला पस्तावायला सुद्धा सवड नव्हती. पस्तावा हा लांब राहणाऱ्यांचा धंदा आहे. मेल्या म्हशीला मणभर दूध, आणि आता ते दूध हा बाजारात घेऊन बसलाय.

आणि त्या मुलाला बहीण नव्हती.

हे तिला पहिल्या दोन शर्टांतच कळलं होतं, तरी ती शोधत राहिली. भिंतीवरच्या तसबिरीत इबू आणि मुलगा. जेवायला दोन ताटल्या. मधल्या बोळातलं डावीकडचं दार, तिच्या खोलीचं, तिथं होतं. निळं, कडीसकट, खालच्या फळीला पडलेल्या चिरेसकट. तिनं मुलाला दारासमोर उभं केलं, बोट दाबलं, पुन्हा दाबलं. काही उजळलं नाही. नुसतं रंगवलेलं दार.

"वेनिंग! अगं ए न्दुक! आहेस का गेलीस?"

बू मार्सिह, समोरच्या घरातली, कपड्यांचं बोचकं घेऊन उंबऱ्यात उभी. न्दुक — गल्लीतल्या कुठल्याही थोरल्या बाईनं कुठल्याही धाकट्या मुलीला मारावी अशी हाक. चाळिशीला आलं तरी सुटत नाही. मुलगा असला की ले. मुलीला न्दुक, मुलाला ले, बस.

"इथंच आहे. जाणार कुठं?"

"तेच म्हणते मी. तू कुठं जातेस!" बू मार्सिहनं बोचकं काट्यावर टाकलं. "अगं, तुझ्या भावाचं त्या फोनमध्ये आलंय म्हणे. माझ्या नातीनं दाखवलं. थोडंसंच बघायला देतात आत्ता, फुकटात. तुमची इबू हो! तीच चाल, तेच खांद्यावरचं फडकं... मला बाई रडूच कोसळलं. नात म्हणते, आजी, हा खेळ आहे, रडतेस काय."

"रडण्यासाठीच केलाय."

"गुणाचं पोर. आईची आठवण ठेवली. नाहीतर आजकालची मुलं..." तिनं उसासा टाकला, मग मान वाकडी करून वेनिंगकडे पाहिलं. "पण तू कुठं दिसली नाहीस गं त्यात?"

"मी लाँड्रीत होते."

बू मार्सिह खळखळून हसली. चांगला विनोद झाला म्हणून हसली बिचारी, आणि पांढरे कपडे वेगळे धू, मागच्या खेपेला निळं लागलं होतं, असं बजावून निघून गेली. वेनिंगनं तिचे पांढरे वेगळे काढले. एकेक झटकून काढले. खिसे तपासले.

दुपारची बांग झाली तसं तिनं पुन्हा फोन घेतला. ईदच्या सकाळची खोली. हे मात्र तिनं कल्पिलं नव्हतं... खुर्चीत इबू, नवा हिरवा झगा, आणि मुलगा दारातून आत येतो. दार हलतं, आणि इबूचं तोंड वर होतं. काय तोंड काढलं होतं त्यानं! डोळे, भुवया, सगळं एकदम उचललेलं, दिवा लावावा तसं. असं इबूनं कुणाकडे कधी बघितलंच नाही, वेनिंग पुटपुटली. माझ्याकडे तर नाहीच. मग मुलगा गुडघ्यांवर येतो, तिच्या मांडीवर डोकं टेकतो, ईदला सगळे टेकतात तसं, आणि चुकलं-माकलं पोटात घाल म्हणतो, आणि ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवते.

खरी ईद अशी होती : गालिह बांडुंगला. सुट्टी नाही, गाडीचं तिकीट नाही, काहीतरी नाहीच. वेनिंगनं फोन दोन्ही हातांनी इबूच्या मांडीवर धरला, आणि पडद्यात गालिहनं डोकं खाली केलं, आणि तेवढ्यात रेंज गेली. चित्र गोठलं. नुसता डोक्याचा भोवरा. इबूला ते कळलं नाही. ती काचेवरून हात फिरवत राहिली, काचेवर बोटांचे तेलकट ठसे उमटत राहिले, आणि वेनिंगचे हात भरून आले तरी तिनं फोन हलू दिला नाही. मग इबू दमून झोपली. वेनिंगचं डोकं टेकायचं राहूनच गेलं. आज टेकू, उद्या टेकू... घरातल्या माणसाचं असंच होतं. पुढची ईद इबूनं पाहिली नाही.

ते हात कुठं आहेत? फोन धरणारे हात? एवढं डोकं टेकवलंस, बाबा, निवांत टेकवलंस मखमलीवर, तर खाली धरलं कुणी होतं तेही दाखवायचंस.

मग स्वयंपाकघर. शेवटची खोली. मुलगा चुलीपाशी उभा राहिला, त्यानं वर पाहिलं, आणि फोनमधून इबू बोलली.

"ले, जेवण झालं का? जेवून घे. दार उघडंच ठेवलंय."

वेनिंग स्टुलावर बसली. इबूचा आवाज... शेवटच्या दिवसांतला, घशात थोडी चाळण असलेला, पण तिचाच, वासासकट तिचाच. तिनं पुन्हा दाबलं. ले, जेवण झालं का? पुन्हा. जेवून घे. पुन्हा, पुन्हा, आणि केव्हातरी रडू थांबलं आणि तिनं कान टवकारले. हा निरोप माझा आहे. इबू मला बोलून निरोप पाठवायची, मी कपडे पोचवायला गेले की. तिला टाइप करता यायचं नाही, चष्मा लावूनही नाही. हा माझा आहे, मला पाठ आहे : न्दुक, जेवण झालं का. न्दुक! आमच्या भाषेत पुढच्या अख्ख्या वाक्याला मुलगा-मुलगी कळत नाही. कळतं ते त्या एका हाकेवरून. त्यानं तेवढी हाकच कापली. बाकी सगळं ठेवून घेतलं आणि माझं नाव काढून तिथं स्वतःचं चिकटवलं. आयत्या बिळावर नागोबा!

आणि तो 'ले'. त्या 'ले'मध्ये काहीतरी खोट होती. इबू त्याला हाक मारायची ती लांबवून, शेवटाला वर नेऊन. हा तोकडा होता, सपाट, कुणाला बोलावणारा नव्हेच तो. तिनं डोळे मिटून ऐकलं. ओळखीचा होता. बाजाराचा वास येत होता त्याला.

तिनं नंबर फिरवला.

"म्बाक!" गालिहच्या मागं हसण्या-बोलण्याचा गलका होता, तो बाहेर कुठंतरी आला. "खेळलीस? कुठपर्यंत आलीस? रडलीस ना? खरं सांग."

"हा 'ले' कुठून आणलास?"

"कुठला?"

"वेड पांघरू नकोस. इबू तोंडानं जो 'ले' म्हणते तो. कुठून कापलास?"

तो खालच्या आवाजात म्हणाला, "लेलेमधून."

"काय?"

"लेले, गं. मासे. तुला तिनं निरोप पाठवला होता ना, बाजारातून लेले आण, बारके आण... त्यातला पहिला 'ले'. तिचा फोन तूच दिलास मला, त्यात सगळे आहेत."

वेनिंगला हसू आलं, आणि ते हसू इतकं कडू होतं की तिचं तिलाच घाबरायला झालं. "मासा कापून हाक केलीस? अरे, आईच्या तोंडून ले ऐकायला तुला बाजारातला मांगूर चिरावा लागला?"

"हो."

"आणि माझी न्दुक कुठं टाकलीस? डोक्यासारखी, शेपटीसारखी, मांजरापुढं?"

"म्बाक, ऐक ना..."

"तू ऐक. चिंधी मी बांधली. फोन मी धरला. माझी खोली नुसती रंगवून ठेवलीस, कडी लावून. सगळ्या जगाला इबू दाखवतोयस आणि तिला एकच पोर होतं. मी मेले होते का?"

"तुला कसं घालू?" आता तोही चिडला. "हा खेळ चुकणाऱ्याचा आहे. तू काय चुकलीस? तुझ्याकडे मागं नेण्यासारखं आहे काय? तुझ्या खोलीत मुलगा गेला असता तर खेळ तिथंच संपला असता, कारण तू सगळं बरोबर केलंस, म्बाक, दर वेळी, तिथं उभं राहायला मला जागाच नाही." त्याचा श्वास लागला होता. "अख्ख्या फोनमध्ये शोधला 'ले'. एकदा तरी म्हणाली असेल. नाही. मीच तिला सांगितलं होतं, आवाजाचे निरोप पाठवू नकोस, इबू, मी कामात असतो, लिहून पाठव. तिला लिहिता येत नाही हे मला... ते मला माहीत होतं."

वाईट वाटतंय का, हे वेनिंगनं स्वतःला तपासून पाहिलं. वाटत होतं, आणि त्या वाईट वाटण्याचाही राग येत होता, कारण हे असंच व्हायचं, लहानपणापासून. तो फोडायचा, मग तोच रडायचा, आणि समजूत काढायची मी.

"आणि तो निरोप," गालिह हळूच म्हणाला, "तू शेवटपर्यंत ऐकलायस का?"

"माझा निरोप मला शिकवतोस?"

"ऐकलायस का?"

तिनं फोन बंद केला.

उन्हं कलली होती. लाँड्रीतल्या दोरीवर बू मार्सिहचे पांढरे कपडे निथळत होते. शेवटपर्यंत म्हणजे काय... ते निरोप कोण शेवटपर्यंत ऐकायचं? स्कूटर बाजूला घेऊन, हेल्मेट वर करून, जेवून घे एवढं ऐकायचं नि बंद करायचं. पुढं काय असायचं, तर गॅस संपलाय, मांजर आलं होतं, मासे आण. ते मासे आणले होते तिनं, या निरोपाच्याच दिवशी. बारके बघून आणले, साफ केले, हळद-लसूण लावून कुरकुरीत तळले, आणि गालिह आला नाही म्हणून दोन दिवस एकटीनं खाल्ले. इबूला मासे बंदच होते.

तिनं निरोप शोधून काढला. अंगठा ठेवला, उचलला, ठेवला.

"न्दुक, जेवण झालं का? जेवून घे. दार उघडंच ठेवलंय..." इथं ती बंद करायची. आज केलं नाही. भांड्याचा आवाज झाला, इबूनं दम घेतला. "...तुझा भाऊ येतो म्हणाला होता. तू आलीस तर कडी लावू नकोस हं. कडी लागलेली दिसली की परत फिरेल तो. हळवा आहे."

एवढंच होतं. वेनिंगनं फोन मांडीवर पालथा ठेवला.

म्हणजे वाक्य त्याचंच होतं. माझी फक्त हाक होती, वरचा पत्ता... आणि त्यानं पत्ता बदलला, एवढाच त्याचा गुन्हा. मासे त्याचे, दार त्याचं, न लावलेली कडी त्याची; जेवून घे तेवढं मात्र माझं, म्हणजे मग मागं कामाला मोकळी.

आणि ती संध्याकाळ आली. न बोलावता आली, बाण न दाबता. स्कूटर लावून, रिकाम्या पिशव्या काखेत घेऊन ती घराकडे वळली, दार खरंच अर्धं उघडं होतं, तिनं कोपरानं ढकललं. आत, दाराकडे तोंड करून ठेवलेल्या खुर्चीत इबू. दार हललं आणि इबूचं तोंड वर झालं. डोळे, भुवया, सगळं एकदम उचललेलं. दिवा लावावा तसं... ते तोंड. अगदी तेच. गालिहनं ते कधी पाहिलंच नव्हतं. तो आलाच कुठं होता पाहायला? त्यानं ते नुसतं मनानं रचलं होतं आणि बरोबर रचलं होतं, आणि जगात ते खरोखर पाहिलेलं माणूस एकच होतं. एक क्षण. मग वेनिंग पुरती आत आली, उजेडात आली, आणि इबू म्हणाली,

"हां. तू होय."

दमली असेल, असं वेनिंगनं तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. त्या दिवशी रक्त धुऊन आली होती ती, दमणारच. मी कडी न लावताच आत गेले आणि मासे तळायला घेतले.

बाहेर मगरिबची बांग सुरू झाली, आधी मोठ्या मशिदीची, मग तिच्यामागून गल्लीतल्या लहान मशिदीची, जरा बेसूर. फोन थरथरला. पडद्यावर गालिहचं नाव आलं, थोडा वेळ राहिलं, गेलं, पुन्हा आलं. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि सकाळपासून ज्या रागानं दात खाल्ले तो राग शोधू लागली. तो होता, सगळाच्या सगळा होता, नुसता गालिहच्या अंगावरून उठून मागच्या खोलीकडे निघाला होता, जिथं ती खुर्ची अजून दाराकडे तोंड करून ठेवलेली होती. मेलेल्या आईवर रागवायचं नसतं. कुणी शिकवलं हे? जिवंत असताना तरी कुठं रागावले मी, आजारी होती ती. आणि आजारी नव्हती तेव्हा मी थोरली होते, थोरलीनं रागवायचं नसतं.

फोन थांबला. तिनं खेळ उघडला. मुलगा अजून स्वयंपाकघरातच उभा होता, जसा सोडला होता तसा. तिनं बोट टेकवलं.

"ले," इबूनं माशाच्या तुकड्यातून हाक मारली, "जेवण झालं का?"

"नाही," वेनिंग मोठ्यानं म्हणाली. घर एकदम ऐकू लागलं. "नाही झालं. सकाळपासून नाही झालं. आणि मी आले होते ना, इबू. दार हललं तेव्हा मीच आले होते."

आतून काहीतरी गरम वर येत होतं आणि ते रडू नव्हतं. रडू तिला चांगलं ठाऊक होतं. हे नवं होतं, तिचं एकटीचं होतं, यावर कुणाचं नाव चिकटवता येण्यासारखं नव्हतं. आणि फोन पुन्हा थरथरू लागला तरी ती तशीच बसून राहिली, कारण आत्ता कुठं ती इबूशी बोलायला लागली होती.